मॅनेज झाला म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या गावात ग्रामपंचायतीचा अर्ज माघारी घ्यायचा दिवस पोळ्याइतक्याच उत्साहात साजरा होतो. दुपारी तीनला मुदत संपते आणि साडेतीनला एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात निकाल लागतो. मतदान व्हायचंच असतं, पण माणसांचे भाव त्या दिवशी फुटलेले असतात. मागच्या खेपेला आमच्या वॉर्डातला एक गडी, महिनाभर "आता माघार नाही" म्हणत दारोदार हिंडलेला, अडीच वाजता तालुक्याला पोचला आणि अर्ज काढून मोकळा झाला. बातमी आली तेव्हा माझ्या शेजारी बसलेले आण्णा बशीतला चहा फुंकत होते. फुंकता फुंकताच म्हणाले, "मॅनेज झालं म्हणायचं बेणं."

सगळे हसले. कुणाचं डोकं फिरलं नाही. पाव्हण्याच्या पोरीचं कुठं जमलं असं विचारावं त्या सुरात एकाने विचारलं, "कितीला?" दुसऱ्याने नुसतीच बोटं हलवली. मग कांद्याच्या भावाचा विषय निघाला आणि लोकशाहीचं श्राद्ध पाच मिनिटांत उरकलं.

आण्णांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांच्या तोंडचे इंग्रजी शब्द म्हणजे मोटार, डीपी, युरिया, ड्रीप. वस्तू बाहेरून आली, नाव तिच्यासोबत आलं, त्याबद्दल गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण 'मॅनेज' ही काही दुकानात मिळणारी वस्तू नव्हे. जी करणी ह्या शब्दाने सांगतात ती आपल्याकडे आधीपासून होती आणि चांगली दहा नावं लावून होती. लाच खाल्ली, विकला गेला, फितूर झाला, मिंधा झाला, हात ओले झाले, तोंडात बोळा कोंबला. पोतडी एवढी गच्च भरलेली असताना चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला परक्या मुलखातून शब्द मागवावा का लागला? कारण वरच्या यादीतला एकही शब्द चहा फुंकत फुंकत म्हणता येत नाही.

आता हा पाहुणा मूळचा कुठला, ते बघू. इंग्रजीत 'मॅनेज' आला सोळाव्या शतकात, इटालियन 'मानेज्जारे'वरून. त्याचा अर्थ घोडा हाताखाली घेणं, त्याला चालीला लावणं. त्याच्याही मुळाशी लॅटिन 'मानुस', म्हणजे हात. बिथरलेलं जनावर लगामाने, मांडीने, हाताने ताब्यात ठेवणारा तो मॅनेजर. पुढे फ्रेंचांचा घरसंसाराला असलेला 'मेनाज' हा शब्द ह्यात येऊन मिसळला आणि घोड्याबरोबर घरही मॅनेज होऊ लागलं. दुकान, नाटक कंपनी, बँक ही सगळी नंतरची वाढ.

घोड्याचं आमच्या नगरला नवल नाही. इथे लष्कराच्या चिलखती दळाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. ज्या पलटणी आज रणगाडे चालवतात त्यांची नावं अजून पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स अशीच आहेत. घोडा गेला, चाळीस टनांच्या वरचं लोखंड आलं, तरी नावातलं घोडेपण त्यांनी जपलं. आपण उलटं केलं. शब्द घेतला, त्यातला घोडा सोडून दिला, लगाम तेवढा ठेवला. आणि तो कुणाच्या तोंडात घातला, हे सांगायला नको.

ह्या 'मानुस'चा गोतावळा मोठा आहे. हाताने करायचं ते मॅन्युअल, हाताने घडवायचं ते मॅन्युफॅक्चर, हाताची नखं कापायला पैसे मोजायचे ते मॅनिक्युअर. खताला इंग्रजीत मॅन्युअर म्हणतात तोही ह्याच घरातला, मूळ अर्थ हाताने जमीन कसणं. म्हणजे मॅनेज आणि शेणखत चुलतभाऊ निघाले. आणि आणखी एक चुलतभाऊ आहे, 'मॅनेकल'. मराठीत हातकडी. मॅनेज आणि हातकडी एकाच आजीची नातवंडं, पण आमच्याकडे त्यांची भेट क्वचितच होते.

लॅटिनवाल्यांचा हात आपल्याला उसना घ्यायची तशी गरजच नव्हती. मराठीतला हात काय कमी चालाख आहे? हात मारणं, हात ओले करणं, हात धुऊन घेणं, हातावर तुरी देणं, हाताखालून काढणं, आणि अंगाशी आलं की हात झटकणं. घोडेगावचा किंवा काष्टीचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हशीभोवती दोघं उभे. एकाने उपरण्याचा शेव दुसऱ्याच्या पंजावर टाकलेला. आत बोटं बोलतात. इतकी बोटं दाबली तर इतके हजार, अर्धं पेर दाबलं तर पाचशे. तोंडाने दोघं पावसाबद्दल बोलतायत. म्हैस मधे उभी राहून रवंथ करतेय, तिला तिच्या किमतीचा पत्ता नाही. लहानपणी आजोबांच्या मागे उभा राहून मी त्या उपरण्याच्या हालचालीवरून भाव ओळखायचा प्रयत्न करायचो. कधी जमलं नाही. पण त्या बाजारात एक इमान होतं. हात सुटले की भाव मोठ्याने सांगत, पावती फाडत आणि दावं नव्या धन्याच्या हातात देत. राजकारणात उपरणं निघतच नाही.

त्या उपरण्याचंच नाव आता 'मॅनेज' आहे.

व्याकरणाचंच बघा. मास्तर शिकवायचे, क्रियापदाला 'कोण' विचारा, कर्ता सापडतो. इंग्रजीत घोडा मॅनेज करणारा कुणीतरी असतो, त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. आम्ही म्हणतो, "तो मॅनेज झाला." 'झाला' म्हणजे कसा? आजारी झाला, म्हातारा झाला, पाऊस झाला, तसा. कोणी केला, कितीला केला, कोणत्या कामासाठी केला, सगळं गायब. देणारा वाक्यात नाही. घेणारा आहे, पण त्यानेही काही केलेलं नाही, त्याला ते झालेलं आहे. सर्दीसारखं. 'लाच खाल्ली' म्हटलं की खाणारा समोर येतो, ताट येतं, वाढणारा येतो. म्हणूनच तो शब्द नकोसा झाला. 'लाच' हा संस्कृत 'लञ्चा'चा अपभ्रंश, म्हणजे दीड-दोन हजार वर्षं तरी ह्या मातीत घासून गुळगुळीत झालेला, आणि अजून कानाला बोचतो. मॅनेज बोचत नाही. त्याला इस्त्रीच्या शर्टाचा वास येतो.

फितूर हाही परकाच, अरबी-फारसीतून आलेला. म्हणजे परकेपणा हा मुद्दा नाही, भाषाशुद्धीच्या झेंड्याखाली मला ओढू नका. मूळ अर्थ ढिलेपणा, कमजोरी. मराठ्यांच्या मुलखात तो आला आणि इथल्या गडकोटांनी त्याला धार लावली. पाचशे माणसं तटावर जागी असताना एक जण आतून दिंडी उघडतो, त्याला फितूर म्हणायचं. आपण परका शब्द घेऊन त्यात आपली चीड भरली, असा तो काळ होता. आता परका शब्द घेऊन आपली चीड काढून टाकतो.

नगरच्या किल्ल्याला ह्यातलं सगळं माहीत आहे. 1759 साली हा किल्ला निजामाच्या किल्लेदाराने, कवीजंगाने, पैसे घेऊन नानासाहेब पेशव्यांच्या हवाली केला. खंदक तसाच, तट तसाच, तोफा तशाच, किल्लेदार मात्र मॅनेज. पुढच्याच वर्षी उदगीरला निजामाशी लढाई झाली. आता गंमत अशी की शाळेत हे आम्हाला पेशव्यांची मुत्सद्देगिरी म्हणून शिकवलं. तोच किल्लेदार आपला असता आणि पैसे निजामाने दिले असते तर तो अफझलखानाला मिळालेल्या खंडोजी खोपड्याच्या पंगतीत बसला असता. आपण मॅनेज केलं तर मुत्सद्देगिरी, आपल्याला केलं तर फितुरी. अर्ज माघारी घेतलेल्या त्या गड्याला त्याच्या मेव्हण्याच्या गल्लीत काय म्हणतात माहीत आहे? "हुशार निघाला."

त्याच किल्ल्यातली दुसरी गोष्ट मला जास्त छळते. चांदबिबी. 1596 मध्ये हिनेच मोगलांचा वेढा परतवला, सुरुंगाने पडलेलं भगदाड रातोरात बुजवून घेतलं. 1600 मध्ये मोगल पुन्हा आले तेव्हा दरबार फुटलेला होता, कुमक येणार नव्हती, आणि बालराजाचा जीव वाचवून अटींवर किल्ला द्यावा असा विचार तिने बोलून दाखवला. आतल्याच माणसाने शिपायांत उठवलं की बाई मोगलांना मिळाली. आजच्या भाषेत, मॅनेज झाली. पुरावा कुणी मागितला नाही. जमाव महालात घुसला आणि चार वर्षांपूर्वी ज्या बाईने त्यांना वाचवलं होतं तिला त्यांनी कापून काढलं. थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांनी घेतला, अटीबिटी काही न ठेवता.

म्हणून म्हणतो, हा शब्द दुहेरी नालायक आहे. ज्याने खरोखर खाल्लंय त्याला तो झाकतो आणि ज्याने शिताला हात लावलेला नाही त्याला मारतो. दोन्ही कामं तो करू शकतो, कारण त्यात रक्कम नाही, नाव नाही, तारीख नाही. आमच्याकडे पाटाच्या पाण्यासाठी टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांनी उपोषण केलं होतं. आवर्तन सुटायची तारीख लेखी मिळाल्यावर चौथ्या दिवशी म्होरक्याने उपोषण सोडलं. लिंबूपाण्याचा ग्लास रिकामा व्हायच्या आत मोबाईलवर फिरलं, "मॅनेज." त्या माणसाची तीन किलो वजन घट आणि खिशातलं पत्र ह्या एका शब्दापुढे फिकी पडली. 'लाच घेतली' असं लिहायची छाती त्यातल्या एकाची नव्हती. ते लिहिलं असतं तर सिद्ध करावं लागलं असतं. तेव्हापासून तो माणूस कुठल्याच उपोषणाला बसलेला नाही, आणि पाणी अजून टेलला निम्मंच पोचतं.

कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी पैसा गिळायचे 40 मार्ग मोजून लिहून ठेवलेत. कोणी उशिरा भरतो, कोणी कमी लिहितो, कोणी एकाच्या नावावरचं दुसऱ्याच्या नावावर दाखवतो. चोरीचं नाव जितकं नेमकं तितका चोर हाताशी, एवढं त्या काळातल्या माणसाला समजत होतं. आम्ही चाळिसांचा एक केला. टेंडर मॅनेज, मोजणी मॅनेज, कुस्ती मॅनेज, बदली मॅनेज, साक्षीदार मॅनेज, पंचनामा मॅनेज. कॉलेजात तर मॅनेजमेंट कोटाच असतो आणि त्याची पावती मिळते. ह्या प्रत्येक ठिकाणी वेगळा गुन्हा घडतो, वेगळ्या माणसाचा वेगळा बळी जातो. शब्द मात्र एकच, सगळ्या भाज्यांत एकच मसाला टाकणाऱ्या ढाब्यासारखा.

शब्दांबरोबर कानही बदलतात, म्हणून जाता जाता नेवाशाचं सांगतो. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैसाचा खांब. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. ऐसपैस म्हणतो त्यातला पैस. दुर्गा भागवतांनी 1970 साली आपल्या पुस्तकाला तेच नाव दिलं. परवा तिथे एका पाव्हण्याने मला विचारलं, "पैशाचा खांब हाच ना? नवस कसा बोलायचा?" त्याला मी दोष देत नाही. सात शतकांत आपल्या कानाने काय ऐकायचं ठरवलंय तेच त्याने ऐकलं.

आणि घरातला मॅनेज? तो ह्याहून वेगळा वाटतो, पण चाल तीच. "तुमच्या मिसेस नोकरी, पोरं, सासूचं आजारपण सगळं कसं छान मॅनेज करतात हो!" हे कौतुक कान देऊन ऐका. ह्यात सासू आहे, पोरं आहेत, नोकरी आहे. पहाटे पाचला उठणं नाही, रात्री अकराला भांडी नाहीत, दुखणारी कंबर नाही. इथेही केलेलं काम शब्दाने पुसून टाकलंय. पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारी बाई मध्यरात्रीनंतर उठते, भाकऱ्या थापते, लेकरू खोपीत किंवा फडाच्या कडेला ठेवते आणि नवऱ्याच्या बरोबरीने मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत चढवते. मुकादमाच्या हिशोबात ती दोघं मिळून एक 'कोयता' असतात. उचल एका कोयत्याला. 'कोयता' हा शब्द क्रूर आहे, पण निदान खोटं गोड बोलत नाही. तिला "तू छान मॅनेज करतेस" असं म्हणून बघा एकदा, हातात खरा कोयता असताना.

मराठीत ह्या कामाला शब्द होता, कारभार. आमच्याकडे बाई नवऱ्याला कारभारी म्हणते, गावचा कारभार पाहणारा तो कारभारी, आणि नगर-नाशिककडे कितीतरी म्हाताऱ्यांचं पाळण्यातलं नावच कारभारी. घर आणि राज्य दोन्हीला एकच शब्द, म्हणजे फ्रेंचांना जे जमलं ते आपल्यालाही जमलेलं होतं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरी बसून जे केलं तो कारभार. खासगीचा पैसा वेगळा, दौलतीचा वेगळा, आणि देवळं-घाट बांधले ते खासगीतून. 2024 पासून नगर जिल्हा त्यांच्या नावाने ओळखला जातो. कमानी बदलल्या, एसटीच्या पाट्या बदलल्या, लेटरहेडं नव्याने छापून झाली. त्या छपाईचं टेंडर कसं निघालं असेल ह्यावर हॉटेलात जो शब्द ऐकू आला तो इथे परत लिहीत नाही. पुरावा माझ्याकडेही नाही, आणि चांदबिबीची गोष्ट मी आताच सांगून बसलोय.

इतका वेळ आण्णांना झोडपलं, आता माझं. वडील गेले त्यानंतर सात-बाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती. कागद पुरे होते. तीन महिने कचेरीचे खेटे घातले, रोज एक नवा कागद कमी निघायचा. शेवटी बाहेरच्या टपरीवर बसणारा एक जण म्हणाला, "दादा, कशाला पेट्रोल जाळता? मॅनेज करून टाकू." तो शब्द ऐकून मला, खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. दोन हजार दिले आणि सहाव्या दिवशी नोंद झाली. 'लाच देऊ' असं तो म्हणाला असता तर मी उठून गेलो असतो, निदान तसं मला वाटतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. त्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरला. नाइलाजाने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली असेल तर सुटका. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर आहे. सहाव्या दिवशी काम झाल्यावर सातव्या दिवशी फोन लावणारा माणूस मी नव्हतो.

आई घरचा जमाखर्च लिहिते. चाळीस वर्षांच्या वह्या आहेत, रॉकेलच्या डब्यापासून ट्रॅक्टरच्या हप्त्यापर्यंत. महिनाअखेरीला शिल्लक उरली नाही तरी ती कधी मॅनेज केलं म्हणत नाही, "भागलं" म्हणते. त्या दिवशी संध्याकाळी तिने विचारलं, "दोन हजार कशाखाली लिहू?" मी म्हणालो, "किरकोळ लिही. ते मॅनेज करायला लागले."

ती दुसरी इयत्ता शिकलेली. चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी वही उघडून पाहिली. कडबा 1400 आणि आईच्या गोळ्या 310 ह्यांच्या मधल्या ओळीत, तिच्या सुट्ट्या-सुट्ट्या अक्षरांत लिहिलं होतं: लाच दिली, 2000.